झाडू झालेली वायर

"काका, टोचलं," म्हणत पुतण्या मधलं बोट तोंडात घालतो.

आम्ही अमझेऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभे आहोत. नोव्हेंबरची २९ तारीख. नऊ वाजून गेलेत तरी उन्हाला चटका नाही, आणि पलीकडच्या शेतात ओटी बांधलेल्या बायका कापूस वेचतायत. सकाळी धारेहून निघाल्यापासून याचा गियर कुरकुरतोय. चढावर हलका पडत नाही, उतारावर जड पडत नाही. एकविसातले जेमतेम चार चालू आहेत. माझ्या जुन्या ॲटलासला गियर नाही, वायर नाही, ब्रेकसुद्धा सळईचे. त्यामुळे इतका वेळ मी मनातल्या मनात हसत होतो. त्याच्या बोटावरचा रक्ताचा टिपूस बघून हसू आवरतो.

दोषी समोरच आहे. मागच्या चाकापाशी, साखळी सरकवणाऱ्या डिरेलरच्या बोल्टाखाली गियरची वायर आवळलेली असते. बोल्टाच्या पुढे तिचं चार बोटं टोक मोकळं सुटलंय आणि त्याच्या तारा चारी दिशांना फाकल्यात. दोन मागे वळल्यात, एक पार साखळीकडे चाललीय. बोल्टाखालून निघतानाच दोन-तीन तुटलेल्याही दिसतात.

"वायर बिखर गई," पुतण्या म्हणतो.

"मराठीत सांग."

तो विचार करतो. "विखुरली?"

विखुरतात ते मणी, नाहीतर माणसं. वायर विखुरत नाही. मग काय होतं तिचं? उसवते ती शिवण. विरतं ते कापड. पिंजारतात ते केस. हे त्यातल्या त्यात जवळचं. पुतण्याला धीर नाही. तो पुण्याच्या आत्तेभावाला फोन लावतो आणि विचारतो, तुमच्याकडे याला काय म्हणतात रे? पलीकडून क्षणाचाही विलंब न लावता उत्तर येतं, "वायर फ्रे झाली." पुतण्या विजयी मुद्रेने माझ्याकडे बघतो. मी पॅडलवर पाय ठेवतो.

अमझेऱ्यात शिरताना बसस्टँडजवळ, निंबाच्या झाडाखाली सायकलचं दुकान सापडतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक टपरी, बाहेर हवेचा उभा पंप, पंक्चर बघायला पाण्याची फुटकी कढई आणि फांदीला लटकवलेल्या कापलेल्या ट्यूबा. मिस्त्री पंचावन्नच्या आसपासचे. ते माळवीत बोलतात, आम्ही धारेच्या खिचडी हिंदीत, आणि मी हे मराठीत लिहितोय. तेव्हा त्यांचे शब्द जिथे जसेच्या तसे हवेत तिथेच तसे देतो.

ते सायकल बघत नाहीत, थेट टोक बघतात. "झाडू हो गया, भिया."

संपला प्रश्न. विखुरली नाही, फ्रे झाली नाही; वायरचा झाडू झालाय.

मिस्त्री सायकल उलटी करतात, पॅडल फिरवतात, हँडलवरचा खटका पुढे-मागे करतात आणि कान देऊन ऐकतात. त्यांचं निदान असं: वायरला काही झालेलं नव्हतं. वायरच्या बाहेरची जी नळी असते, जिला ते 'कव्हर' म्हणतात, तिच्यात माती बसलीय. वायर बाहेर ओढायची, घासलेटच्या फडक्याने पुसायची, कव्हरात तेल सोडायचं, वायर परत आत घालायची. दहा मिनिटांचं काम, पैसेही नाममात्र. "पर अब ये वापस जाएगी कैसे?" ते विचारतात.

खरंच आहे. कव्हराचं भोक जेमतेम वायरपुरतं. ओल्या दोऱ्याचं टोक सुईत जातं, पिंजारलेलं जात नाही. मिस्त्री ते टोक अंगठा आणि तर्जनीत धरून पिळाच्या दिशेने वळतात, आजी समईची वात वळायची तसं, अगदी हलक्या हाताने. वात वळली जाते, पण बोट काढलं की पुन्हा फुलते. कापसाला वळण लागतं, पोलादाला लागत नाही. वायर चांगली असून टोकापायी गेली.

"सर्व्हिसिंग कुठे केलं?"

मी सांगतो, दोन महिन्यांपूर्वी इंदुरात, काचेच्या एका मोठ्या दुकानात. गार हवा, एप्रन घातलेली मुलं, छापील बिल. तिथे चेनला तेल दिलं, सायकल धुऊन पुसून चकचकीत केली, आणि टोकावरची टोपी काढलेली वायर तशीच सोडून दिली. बिलात 'केबल तपासणी' अशी ओळही होती. मिस्त्री यावर काही बोलत नाहीत, नुसती जीभ टाळ्याला लावून चक् करतात.

ते बोल्ट सैल करतात आणि वायर हँडलच्या बाजूने बाहेर घ्यायला लागतात. झाडू अर्थातच कव्हराच्या तोंडाशी अडतो. मग पक्कड घेऊन झाडू छाटतात आणि वायर सर्रकन बाहेर येते. छाटलेला तुकडा पुतण्या उचलून घेतो, नखाने एकेक तार वेगळी करून मोजायला बसतो. शाळेत गणित नको असतं, इथे चालतं.

"काका, एकोणीस."

तो जुळणी शोधून काढतो. मधे एक सरळ तार, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. जाडी सगळी मिळून सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर. ब्रेकची वायर याहून जाड, दीड मिलिमीटरच्या पुढे, कारण तिला जोर जास्त सोसायचा असतो. नळी जागच्या जागी ठेवायची आणि आतून तार ओढायची, ही कल्पना अर्नेस्ट बाउडन नावाच्या माणसाने १८९६ मध्ये मांडली आणि आजही तिला त्याच्याच नावाने ओळखतात. एका टोकाला ओढ दिली की ती वळणावळणाने दुसऱ्या टोकाला पोचते. खटक्याच्या बाजूच्या टोकाला कारखान्यातच धातूची गुंडी बसवून देतात, ते टोक कधी सुटत नाही. दुसरं मात्र उघडंच राहणार, कारण प्रत्येक सायकलला वायर वेगळ्या लांबीला कापावी लागते. कापली की आतल्या तारा मोकळ्या झाल्या. ताणून, पिळून, दाबून एकत्र बसवलेल्या असतात त्या. सोडलं की प्रत्येकीला आपापल्या वाटेने जायचं असतं.

"मग एकच जाड तार का नाही घालत?" पुतण्याचा प्रश्न.

मिस्त्री कोपऱ्यातला बांधकामाच्या तारेचा तुकडा उचलतात, चार वेळा इकडे-तिकडे वाकवतात, पाचव्यांदा तो मोडून त्याच्या हातात ठेवतात. मला लाट मशिदीच्या आवारातला लोहस्तंभ आठवतो. धारेत राहणाऱ्या प्रत्येकाने तो पाहुण्यांना दाखवलेला असतो. तिन्ही तुकड्यांची लांबी मिळून तेराएक मीटर, वजन सातेक टन, शतकानुशतकं उघड्यावर असून गंज खाऊन गेलेला नाही, आणि तरी तीन तुकड्यांत आडवा पडलाय. गुजरातच्या बहादूरशाहाने तो उपटून न्यायचा बेत केला तेव्हा तो पडून मोडला, असं जहांगिराने लिहून ठेवलंय. खरं-खोटं तोच जाणे, पण एवढं जाडजूड लोखंड वाकलं नाही, मोडलं.

तेवढ्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी सायकल ढकलत येते. मध्य प्रदेशात दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या सहावी-नववीच्या मुलांना सरकारकडून सायकल मिळते. हिची त्यातलीच, ती स्वतःच सांगते. मागचा ब्रेक लागत नाही आणि "मामाजी, ये चुभता है." ती सलवार किंचित वर करून पोटरी दाखवते. पोटरीवर दोन जुन्या आणि एक ताजी रेघ. मागच्या ब्रेकच्या वायरचं टोक पॅडल मारताना पायाला लागतंय.

मिस्त्री आमचं काम बाजूला ठेवतात. परवानगी विचारत नाहीत आणि विचारायची गरजही नाही. तिची शाळा भरायचीय. ब्रेकची वायर सैल करून पुन्हा ताणून आवळतात, टोक दोन बोटं राखून बाकीचं उडवतात. उडवण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. पकडीने कुरतडत नाहीत, कारण बोथट पक्कड तारा आधी चेपते, मग फाकवते, आणि कापेपर्यंत झाडू तयार होतो. ते वायरखाली लोखंडाचा ठोकळा धरायला पुतण्याला सांगतात, वर धारदार छिन्नी टेकवतात आणि हातोडीचा एकच घाव. टच्. टोक चाकूने कापलेल्या काकडीसारखं.

मग बामच्या रिकाम्या डबीतून एक पिवळी, लांबट वस्तू काढतात. जुन्या स्पोकची निपल. रिम आणि स्पोक जिथे जुळतात तिथली छोटी नळकांडी. मोडीत जाणाऱ्या चाकांमधून ते पितळेच्या तेवढ्या वेचून ठेवतात. लोखंडी घेत नाहीत, कारण त्या दाबल्या जात नाहीत. निपल वायरवर चढवतात, तळाशी भिडल्याची खात्री करतात आणि पकडीने दोन ठिकाणी दाबतात. एकदा आडवं, एकदा उभं. मुलगी त्यावरून बोट फिरवून बघते. टोचत नाही. पैसे विचारते. मिस्त्री ब्रेक कसल्याचे दहा रुपये घेतात.

"और टोपी का?"

"टोपी का कंई," ते म्हणतात. टोपीचं काय. आणि मग मला, ती गेल्यावर, "टोपी गिऱ्हाइकासाठी नसते. पुढच्या खेपेला जो मिस्त्री वायर काढेल त्याच्यासाठी असते." अमझेऱ्यात पुढचा मिस्त्रीही बहुतेक तेच असणार, हा भाग वेगळा.

आता आमची नवी वायर. त्यांच्याकडे गियरची एकच आहे, कागदी पाकिटात गुंडाळलेली. ती घालून, बोल्ट आवळून, गियर एकेक करून लावून बघतात. एकवीसच्या एकवीस पडतात. पुतण्याचा चेहरा बघा. पण टोक राहिलंय, आणि गियरची वायर बारीक. स्पोकची निपल तिच्यावर ढिली होते, खुळखुळते. बाजारात यासाठी ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या टोप्या मिळतात, इथे नाहीत.

"डाख देऊ," ते म्हणतात आणि सायकल उचलून शेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीकडे नेतात.

हे त्यांचं दुसरं तत्त्व: वायर कापल्यावर डाख देऊ नये, आधी द्यावा आणि मग डाखातूनच कापावं, म्हणजे तारांना सुटायला क्षणही मिळत नाही. मोबाइलवाला पोरगा सोल्डरची दांडी तापवतो, राळेचा ओळखीचा वास सुटतो, कथलाचा थेंब वायरवर ठेवला जातो. आणि थेंब घरंगळून खाली. पुन्हा. पुन्हा घरंगळतो. अळवाच्या पानावरचं पाणी. मिस्त्री वायर उन्हात धरून तिरकी करून बघतात, लोहचुंबक नसल्याने नखाने घासतात आणि जाहीर करतात, "इस्टील."

जस्ताचा मुलामा दिलेली साधी वायर असती तर राळेवर डाख झटकन धरला असता. गंज न चढणाऱ्या पोलादावर धरत नाही. त्याला जस्त टाकून मारलेलं तेजाब लागतं, कल्हईवाल्यांकडे पूर्वी असायचं तसं. कल्हईवाला आता अमझेऱ्यात येत नाही. धारेलाही मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही.

मोबाइलवाला पोरगा फेविक्विकची नळी पुढे करतो. मिस्त्री नाही म्हणत नाहीत, पण तोंड वाकडं करतात. फेविक्विक आत शिरतं, धरतं, पण वायरला तेलाचा हात लागलेला असेल तर सुटून येतं. आणि यांचा हात कधी बिनतेलाचा नसतो. शिवाय त्यांना मनापासून ते आवडत नाही, एवढंच खरं कारण असावं. इथे थोडा वेळ जातो. ते टपरीच्या फळीवर बसून विडी पेटवतात आणि पेटत्या काडीवर मघाचा छाटलेला तुकडा धरतात. एकेक तार लाल होते, मग काळी. गार झाल्यावर पुतण्याच्या हातात देतात. तारांची उसळी गेलीय. वाकवली तशी राहते, मुकाट. पण पीळ? तो जसाच्या तसा. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे मी आजवर माणसांबद्दलच ऐकत आलो.

आम्ही आज इथे आलोय ते खरं तर वेगळ्याच कामाला. १७२८ साली याच तारखेला चिमाजी अप्पांच्या फौजेने अमझेऱ्यापाशी माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर या दोघांना गाठलं. दोघेही पडले आणि माळवा मराठ्यांना मोकळा झाला. पुढे धार पवारांकडे आली, देवासलाही पवारच. तिथे तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं नांदली. आमचे पूर्वज त्या मागोमाग कधीतरी कारकुनी करायला धारेत आले आणि आम्ही अजून तिथेच आहोत. पुतण्याला ती जागा दाखवायची होती. मिस्त्रींना लढाईबद्दल विचारतो तर ते ऐकून घेतात, मग विचारतात, बख्तावरसिंहांची? नाही, त्याच्या खूप आधीची. बख्तावरसिंह अमझेऱ्याचे राणा, सत्तावनच्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फासावर गेले. इथल्या माणसाला लढाई म्हटलं की ते आठवतात, चिमाजी अप्पा नाही. हरायला आणि जिंकायला बाहेरून आलेल्यांची लढाई गावाने का लक्षात ठेवावी?

रुक्मिणीचं मात्र ठेवलंय. अमका-झमका देवीच्या देवळातूनच कृष्णाने रुक्मिणीचं हरण केलं आणि गावाचं जुनं नाव कुंदनपूर, हे मोबाइलवाला पोरगा दांडी पुसता पुसता सांगतो. मी त्याला सांगत नाही की वर्धा नदीकाठी, अमरावती जिल्ह्यात, आमचंही एक कौंडण्यपूर आहे आणि तिथले लोक हेच अंबादेवीबद्दल शपथेवर सांगतील. सायकल अजून त्याच्या दारात उलटी उभी आहे.

"तांबा है?" मिस्त्री अचानक विचारतात.

पोरगा खणातून जुन्या चार्जरची वायर काढतो. मिस्त्री तिचं प्लास्टिक दाताने सोलतात आणि आतली केसासारखी एक तांब्याची तार निवडतात. ती गियरच्या वायरवर, जिथे कापायचं त्याच्या जरा अलीकडे, गुंडाळायला लागतात. मी वाकून बघतो. पहिला वेढा घालताना तारेचं शेपूट वायरच्या लांबीत टेकवून ठेवलंय. पुढचे वेढे त्या शेपटावरूनच जातात, म्हणजे ते आपोआप दबून बसतं. वेढ्याला वेढा चिकटलेला, मधे फट नाही. बैलाच्या शिंगाला गोंडा बांधतात तशी बांधणी. बारा वेढे होतात. शेवटचं टोक पकडीने ओढून चेपलं जातं.

"अब डाल."

पोरगा राळ लावून दांडी टेकवतो. कथील क्षणभर थबकतं आणि मग तांब्यावर पसरतं, वेढ्यांच्या खाचांत झिरपतं, सगळं मिळून एक रुपेरी कांडी होते. पोलादाने कथील घेतलं नाही, तांब्याने घेतलं. आणि तांब्याने पोलाद आवळून धरलंय. मिस्त्री फुंकर मारतात, कांडीच्या पुढे ठोकळा, छिन्नी, हातोडी. टच्. कानस दोनदा फिरवतात. पुतण्या मघाच्या जखमेचं बोट पुढे करतो आणि त्याच बोटाने टोक चाचपतो.

"हओ?" मिस्त्री विचारतात.

"हओ," तो म्हणतो.

साठ रुपये होतात. वायरचे आणि मजुरीचे. तांब्याचे पोरगा घेत नाही.

लढाईची जागा आम्हाला सापडत नाही. किल्ला बाहेरून बघतो, अमका-झमकाचं दर्शन घेतो, कचोरी खातो आणि दोनच्या सुमाराला धारेची वाट धरतो. परतीच्या चढावर पुतण्या माझ्या बरंच पुढे निघून जातो. हलका गियर पडतोय. माझ्या सळईच्या ब्रेकचा आता मला काही अभिमान वाटत नाही. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका सायकल दिनाच्या दिवशी बंद पडला. पुढे या सळया कुठे मिळणार तेही ठाऊक नाही.

संध्याकाळी घरी अंगणात आम्ही दोघं टॉर्च घेऊन बसलोय. पुतण्याच्या सायकलला वायरची टोकं चार: दोन गियरची, दोन ब्रेकची. त्याच्या बहिणीच्या सायकलला दोन. सहापैकी मिस्त्रींनी बांधलेलं एक आणि कारखान्यातून आलेली टोपी शाबूत असलेलं एक, बाकी चार उघडी. झाडू अजून एकाचाही नाही, फक्त दोन-दोन तारा फाकू लागल्यात. त्या घासलेटने पुसून, पिळाच्या दिशेने वळून तयार ठेवल्यात. वहिनीकडून नेलपॉलिशची बाटली मागून आणलीय. रंग मरून आहे. दोन हात द्यायचे, मधे दहा मिनिटं वाळू द्यायचं.